खिळ्याला अडकवलेला धागा

ठाणे,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आदरणीय अण्णा,

सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल. बीपीची गोळी नाश्ता झाल्यावर घ्यायची असते, उपाशीपोटी नाही, हे पुन्हा लिहितो कारण तुम्ही ऐकत नाही. कोपरच्या घराच्या गॅलरीवरचा पत्रा गळत होता, तो बदलून घेतलात का? आम्ही इकडे ठीक. तुमच्या सुनेने, अमृताने, तुम्हाला जयभीम सांगितलाय.

झाली ख्यालीखुशाली. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पण खोपटच्या एसटी डेपोत उभी हयात काढलेला माणूस हातात आलेला कागद न वाचता ठेवत नाही, एवढं मला तुमच्याबद्दल अजून माहीत आहे.

तर मी 'सदर व्यक्ती'. विहार कमिटीच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, 'ठाणे येथील सदर कार्यक्रमाशी व त्यात सहभागी झालेल्या सदर व्यक्तीशी माझा कोणताही संबंध नाही. सीताराम कासारे, अध्यक्ष.' नावसुद्धा नाही लिहिलंत माझं. मुरबाडची गाडी रद्द झाल्याचं फळ्यावर लिहावं तसं तुम्ही मला रद्द केलंत. खाली लोकांनी हात जोडलेत, कुणी अंगठा दाखवलाय, एकाने 'दादा, कडक निर्णय' असं लिहिलंय. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसलो. राग अजून उतरलेला नाही, अक्षर बघा म्हणजे कळेल.

फोटोत काय दिसतं ते मला ठाऊक आहे. भन्तेजींबरोबर विहारातला धम्मपाल आला होता, त्याने तो काढला आणि कसलाही विचार न करता ग्रुपवर टाकला. कोळीवाड्यातली आजारी जयेशची खोली. टेबलावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पाण्याचा कलश, बाजूला भन्तेजी. परित्राण पाठाचा पांढरा धागा सगळ्यांच्या हातांतून फिरत शेवटी भिंतीवर एकवीरा आईच्या फ्रेमच्या खिळ्याला अडकवलेला. आणि त्या खिळ्याखाली मी, मान खाली घालून, धागा धरून. बघणाऱ्याला वाटणार, अध्यक्षांचा मुलगा देवीला दोरा बांधतोय.

झालं काय ते ऐका. कार्यक्रमाच्या आधी मी जयेशच्या आईला, मनुबाईला, सांगितलं होतं की पाठ चालू असताना धागा घरातल्या सगळ्यांनी धरायचा. तिने ते मनावर घेतलं. भन्तेजींचा पाठ सुरू झाला, धागा फिरत तिच्यापर्यंत आला, थोडा उरला. ती उठली, उरलेलं टोक घेऊन स्टुलावर चढली, देवीच्या खिळ्याला वेढे दिले, खाली उतरली आणि डोक्यावर पदर घेऊन पुन्हा बसली. मी भन्तेजींकडे बघितलं. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पाठ पुढे चालू ठेवला. नंतर मी तिला हळूच विचारलं, तर म्हणाली, "आरं, तूच बोललास ना घरातल्या समद्यांनी धराचा? ती काय परकी हाय?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? जिचा पोरगा समोर आडवा पडलाय त्या बाईला उठवून बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवायला हव्या होत्या? त्या तिने नाही घेतलेल्या, मी घेतल्यात. आणि मी त्यातली एकही मोडलेली नाही. देवीला मी हात जोडले नाहीत. पण हातातला धागाही सोडला नाही, आणि तुम्ही समोर उभे असतात तरी सोडला नसता.

जयेशला काय झालंय हे तुम्हाला उन्हाळ्यापासून माहीत आहे. पोटात सुरू झालं आणि लिव्हरपर्यंत गेलंय. तुम्ही एकदा तरी आलात? हा तोच जयेश, जो कोळीवाड्यातून सायकल मारत आपल्या खोपटच्या चाळीत यायचा आणि आईने वाढलेल्या ताटावर माझ्याआधी बसायचा. रविवारी सकाळी तुम्ही चाळीच्या व्हरांड्यात आम्हा पोरांना बसवून वंदना म्हणून घ्यायचात. तो बाहेर पायरीवर बॅट घेऊन माझी वाट बघत बसायचा. वाट बघता बघता त्याची वंदना माझ्याआधी पाठ झाली. 'अण्णांचं गाणं' म्हणायचा तो तिला. तुम्ही एकदा त्याला सगळ्यांसमोर म्हणायला लावलंत आणि मला म्हणालात, बघ, याला कुणी पट्टी मारली नाही. इतका अभिमान होता तुम्हाला त्याचा. मग आता काय झालं?

लोक येतात त्याला भेटायला. मला एकेकाला हाकलून द्यावंसं वाटतं. एक मामा येतो, गुळवेलीचा रस घेऊन. एक जण सांगून गेला की साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो. त्याच्या लिफ्ट कंपनीतला साहेब आला, पेढे ठेवले आणि म्हणाला, पॉझिटिव्ह राहायचं. जयेशला पाणी गिळता येत नाही आणि हा पेढे घेऊन आलाय! कुणी मागच्या जन्मीचं काढतं. मी एकाला बाहेर नेऊन सांगितलं की पुन्हा हे बोललास तर जिन्यावरून खाली जाशील. मनुबाई माझ्यावर चिडली, "पावण्याला असा बोलतान काय रं?" मी म्हटलं, हो, असंच बोलतात.

आता ते लिहितो जे तुम्हाला सर्वात जास्त खटकेल.

पावसाळ्यात त्याची केमो चालू होती. एका मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बाटली. सुई टोचायची वेळ आली की मी चहा आणतो म्हणून बाहेर सटकायचो. जयेशला ते कळायचं. त्या दिवशी शीर सापडत नव्हती. सिस्टर पुन्हा पुन्हा टोचत होती, आणि मी उठायच्या आत त्याने माझं मनगट पकडलं.

"रत्न्या, ते म्हण ना तुमचं."

"काय?"

"अण्णांचं गाणं रे. बुद्धं सरणं."

"इथे?"

"मग काय लिफ्टमध्ये? म्हण ना यार, फाटलीय माझी."

मी सुरू केलं. लाज वाटत होती. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची बायको बघत होती, म्हणून मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. आजवर हजार वेळा म्हटलेलं, तोंड आपोआप चालतं. बुद्ध झाला, धम्म झाला, संघ झाला. दुसऱ्या फेरीचं दुतियम्पि झालं. तिसऱ्या फेरीचं ततियम्पि सुरू केलं तेव्हा जयेशची नखं माझ्या मनगटात रुतली होती, आणि 'सरणं गच्छामि' म्हणताना मला कळलं की मी खरंच जातोय. दुसरीकडे कुठे जायला उरलंच नव्हतं. डॉक्टर झाले, रिपोर्ट झाले, ओळखीपाळखी झाल्या. हे तीनदा का म्हणायचं असतं हा प्रश्न लहानपणी मी तुम्हाला विचारला होता. तुम्ही म्हणालात, पद्धत आहे. पद्धत नाही, अण्णा. पहिल्या दोन वेळा माणसाला म्हणायची सवय असते म्हणून तो म्हणतो. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, जरा मोठ्याने म्हणा, यांनापण ऐकू दे." मी मोठ्याने म्हटलं.

तुम्ही विचाराल, मग काय चमत्कार झाला? काही नाही झाला. पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. पाण्याने, धाग्याने तो बरा होईल असं मला एक क्षणही वाटलेलं नाही, तेवढं तुमचं शिकवणं पक्कं बसलंय. झालं इतकंच की मी चहा आणायला गेलो नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. श्रद्धा आली की मन शांत होतं असं जे सांगतात ते कुठले लोक आहेत मला माहीत नाही. माझा राग तर वाढलाय. सिस्टरवर, साहेबावर, त्या मामावर, तुमच्यावर. फक्त पूर्वी राग आला की मी उठून जायचो. आता राग घेऊन तिथेच बसतो, आणि त्याचा हात धरतो.

रोज संध्याकाळी ऑफिसातून मी त्याच्याकडे जातो आणि आम्ही म्हणतो. परित्राण पाठाचं त्यानेच सुचवलं. आपल्या चाळीत कुणाकडे तरी झालेलं त्याला आठवत होतं.

तुम्ही मला कशाकशापुढे वाकायचं नाही ते शिकवलंत. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे, हे रागात लिहीत असलो तरी खरं आहे. पण माणूस कधीतरी थकतो, त्याला टेकायला काहीतरी लागतं. ते आपल्या घरात होतं. तुम्हीच रोज सकाळी म्हणत होतात. आणि घरातलं कुणी खरोखर टेकायला गेलं की तुम्ही त्याला उठवून लावलंत. कुणी म्हणजे कोण, ते मी या पत्रात लिहिणार नव्हतो.

लिहितोच. आईने मागितलं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात, कोपरच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवरून. "अहो, एकदा भन्तेजींना बोलवा ना. परित्राण करू या." तुम्ही म्हणालात, "धाग्याने कॅन्सर बरा होत नाही, भीमा. बाबासाहेबांनी आपल्याला गंडेदोऱ्यांतून बाहेर काढलं ते पुन्हा आत जायला नाही." ती म्हणाली, "बरं व्हायला नाही म्हणत मी." तुम्ही पेपर तोंडासमोर धरलात. मी म्हटलं, अण्णा, करू या, मी घेऊन येतो भन्तेजींना. तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, हे घर माझं आहे. आईने पुन्हा तो विषय काढला नाही. ती गेल्यावर मात्र तुम्ही पुण्यानुमोदन अगदी रीतसर केलंत. मंडप, खुर्च्या, भाषणं सगळं होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही, ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

आता कामाचं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. जयेश तुम्हाला बोलावतोय. परवा म्हणाला, "तू बरा म्हणतोस, पण तू घाई करतो यार. अण्णांना आण ना. त्यांचा आवाज ऐकायचाय." खोपटला माईकवरून गाड्या पुकारायचात तो आवाज त्याला अजून ऐकू येतो म्हणे.

या. धागा धरू नका. कलशातलं पाणी पिऊ नका. देवीची फ्रेम डोळ्यांत खुपत असेल तर भिंतीकडे पाठ करून बसा. पण येऊन एकदा म्हणा, आणि लवकर या. यायचं नसेल तर ग्रुपवर आणखी एक सूचना लावा, आणि या वेळी तिच्यात माझं नाव लिहा.

रत्नदीप


ठाणे,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

अण्णा,

जयभीम.

जयेश गेल्याचं मी कळवलं होतं. तुम्ही पोचवायला आला नाहीत, त्याबद्दल हे पत्र नाही. तुम्ही त्याआधी येऊन गेलात, त्याबद्दल आहे.

मी ऑफिसात असतो ती वेळ साधून आलात. संध्याकाळी मी पोचलो तर मनुबाई दारातच म्हणाली, "तुजा बापूस आयला व्हता. चाय पन नाय घेतली." मला आधी खरं वाटेना. तिने सांगितलं की तुम्ही चपला काढून आत गेलात, जयेशच्या उशाशी बसलात आणि तिला म्हणालात, जरा बाहेर बसता का, पोराशी बोलायचंय. ती बाहेर जाळ्याच्या ढिगावर बसली. आतून तुमचा आवाज आला, पूर्ण वंदना. शेजारपाजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या म्हणे. "मंग लय टायम काय आवाजच नाय. मना वाटला, दोघं झोपलं." मग तुम्ही डोळे पुसत बाहेर आलात आणि शीळफाट्यावरून जाणारी गाडी कुठे मिळेल ते विचारून निघून गेलात. तासभर थांबला असतात तर मी आलो असतो. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच थांबला नाहीत.

त्या रात्री मी चिडून तुम्हाला फोन केला नाही. पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं होतं. जयेशसाठी तरी आलात. ते बरं वाटणं दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होतो तेव्हा तो म्हणाला, "रत्न्या, अण्णा तुला सांगू नको बोललेत."

"मग नको सांगू."

"अरे मी मरतोय यार. मला काय करणार ते?"

आणि हसला. हसताना त्याला दुखत होतं, तरी हसला. मग थांबत थांबत त्याने सगळं सांगितलं. तुम्ही त्याला जे बोललात ते तुमच्याच शब्दांत लिहितो. चुकलं असेल तर सांगा. 'भीमाने परित्राण मागितलं तेव्हा मी तत्त्वाचं बोललो. तत्त्वबित्त्व काही नव्हतं रे. भन्तेजी घरात आले असते, सगळे धागा धरून बसले असते, म्हणजे ती जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मला ते करायचं नव्हतं. मी घाबरलो आणि बाबासाहेबांचं नाव पुढे केलं.'

अण्णा, इतकी वर्षं मी तुमच्या तत्त्वावर राग धरून होतो. तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालायचो, पुस्तकांतले दाखले शोधायचो, जिंकायचोसुद्धा. आणि तिथे तत्त्व नव्हतंच! नुसता घाबरलेला माणूस होता, पेपरच्या मागे. मीही तेव्हा घाबरलो होतो. स्वयंपाकघरात भांडी घासायच्या निमित्ताने रडायचो. एका घरात आपण दोघं घाबरून बसलो होतो, आणि मधल्या खोलीत ती एकटी होती, जी बरं व्हायचं मागत नव्हती, जिला फक्त आपण जवळ बसायला हवे होतो. हे आठवलं की मला घरातली वस्तू उचलून फोडावीशी वाटते. परवा मी कप फोडला. अमृताने झाडू आणून दिला.

ग्रुपवर तुम्ही मला रद्द केलंत ते माझ्या धाग्यामुळे नव्हतं, हे आता मला कळलंय. तो फोटो बघून तुम्हाला आईची खाट दिसली. मला नाही बघू शकलात, म्हणून संबंध नाही असं लिहून मोकळे झालात. यालाही तुम्ही तत्त्वच म्हणणार. म्हणा.

आणि जयेशलाच का सांगितलंत तेही मला कळतं. तो जाणार होता. त्याला सांगितलं की गोष्ट त्याच्याबरोबर जाईल, असं तुम्हाला वाटलं. पण त्याच्या पोटात कधी काही राहिलं होतं का, अण्णा? शाळेतली काच मी फोडली हे पंधरा मिनिटांत सगळ्या चाळीला त्यानेच सांगितलं होतं. तुम्ही माणूस चुकीचा निवडलात.

तो गेला तेव्हा सकाळ होती. मनुबाईने त्याच्या कपाळाला देवीचं कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "तुजा पन बोल." मी सुरू केलं. पहिल्याच वेळेला, धम्मापर्यंत यायच्या आत, त्याचा हात सुटला. मी थांबलो नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, शेवटपर्यंत म्हटलं. मनुबाईने मधे हंबरडा फोडला नाही, माझं संपेपर्यंत तोंडावर पदर दाबून धरला. त्यानंतर आम्ही दोघंही रडलो. त्या क्षणी माझ्याजवळ जे होतं ते मला तुमच्याकडूनच मिळालेलं होतं, आणि तरी तुमच्यावरचा राग तसूभर कमी झाला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मी या वर्षात शिकलो.

पुढच्या रविवारी मी कोपरला येतोय. भन्तेजींना आणत नाही, धागाही आणत नाही. ग्रुपवर काही लिहा असंही म्हणत नाही. तुमची माफी मला नको, ती घेऊन मी काय करू? जे जयेशला सांगितलंत ते माझ्यासमोर बसून मला सांगा, तेवढंच. मी नंतर मरून जाणार नाहीये. ऐकून घेईन, कदाचित ओरडेन, कदाचित उठून गॅलरीत जाईन आणि परत आत येईन. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तोंड दाखवावं लागेल तुम्हाला, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. जाणाऱ्या माणसाला सांगण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे, मला कळतं. तरीही मलाच सांगा.

दार उघडा म्हणजे झालं.

तुमचा, अजून जिवंत असलेला मुलगा,
रत्नदीप